मुंबईत बहुभाषिकतेचा अभ्यास करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड.चा प्रकल्प, एम.ए.चा लघुप्रबंध, एखाद्या संस्थेचं वस्तीतलं सर्वेक्षण, नाहीतर नुसतंच "आमचा मुलगा घरात हिंदीच बोलतो हो, काय करू?" असा फोन. गेली काही वर्षं हे सगळं फिरून फिरून माझ्याकडे येतं. तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

किती भाषा आल्या की माणसाला बहुभाषिक म्हणायचं?

दोन पुरतात. आणि 'येतात' म्हणजे लिहिता-वाचता आल्याच पाहिजेत असं नाही. आमच्या बाजारातल्या कोळीणमावशी बहिणीशी कोळी बोलीत बोलतात, आम्हा बायकांशी मराठीत, बर्फवाल्याशी भाव हिंदीत ठरवतात आणि बंगाली गिऱ्हाईक दिसलं की भिंग माशाला लगेच 'इलिश' म्हणायला लागतात. त्यांना विचारलंत, मावशी, किती भाषा येतात? उत्तर ठरलेलं: "आमाला कुठं, मराठीच येते." तेव्हा पहिला नियम हाच. किती भाषा येतात हे विचारू नका. कुणाशी काय बोलता, ते विचारा आणि जमलं तर शेजारी बसून ऐका.

फॉर्मवर 'मातृभाषा' असा एक रकाना ठेवला तर भागत नाही का?

नाही. आणि हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकले.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'घरची भाषा' अशी एकच रिकामी ओळ होती. पूर्व उपनगरातली एक मराठी माध्यमाची शाळा, सहावीचा वर्ग. पहिल्या बाकावरच्या मुलीनं वळणदार अक्षरात 'मराठी' लिहिलं. मधल्या सुट्टीत तिची आई डबा घेऊन फाटकाशी आली. मुलगी "याडी!" म्हणून ओरडत धावली. 'याडी' म्हणजे गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. डबा हातात घेईपर्यंत दोघी गोरमाटीत बोलल्या, मग धाकट्या भावाला तिनं हिंदीत दटावलं, आणि आई तोवर सोबतच्या बाईशी कानडीत काहीतरी बोलत होती. कलबुर्गीकडून बांधकामावर आलेलं कुटुंब. सुट्टी संपल्यावर मी मुलीला विचारलं, मराठी का लिहिलंस गं? म्हणाली, "बाईंनी सांगितलं ना, सगळ्यांनी मराठी लिहा."

आता गंमत बघा. शाळेच्या दप्तरी ही मुलगी मराठी. जनगणनेत बंजारी, लमाणी या बोली हिंदीच्या छत्राखाली मोजतात, म्हणजे तिथे ती हिंदी. आणि ती आईला हाक मारते ती भाषा या दोन्हींत कुठे दिसतच नाही. तुमचा निष्कर्ष यातल्या कुठल्या नोंदीवर उभा आहे, हे आधी ठरवा.

जनगणनेची मातृभाषेची व्याख्या अशी: लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलत असे ती, आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. शिवाय येणाऱ्या इतर भाषा जास्तीत जास्त दोन नोंदवतात. आईवडील दोन भाषांचे, सांभाळणारी आजी तिसरीच बोलणारी, हे मुंबईत घरोघरी आहे. ते या व्याख्येत कसं मावणार?

जोशुआ फिशमन या अभ्यासकानं १९६५ मध्येच प्रश्न बदलून दाखवला होता: कोण, कुणाशी, कोणती भाषा, केव्हा बोलतं? माझ्या आताच्या फॉर्मवर म्हणून एक ओळ नाही, जाळी आहे. आईशी, वडिलांशी, आजीशी, भावंडांशी, शेजाऱ्यांशी, वाण्याशी, बाईंशी, मोबाईलवर, देवासमोर, मनात हिशेब करताना, भांडताना. 'भांडताना' या रकान्यात सगळ्यात खरं उत्तर मिळतं. तिथे बाईंना काय आवडेल याचा विचार कुणी करत नाही.

मुंबईत नेमक्या किती भाषा बोलल्या जातात?

हा आकडा मागणाऱ्याला मी आधी विचारते, मोजणार कसं? २०११ च्या जनगणनेत देशभर लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, आणि दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्यांचे गट पाडले तेव्हा उरल्या १२१ भाषा. पाच कोटी भोजपुरीभाषक या हिशेबात हिंदीत जमा आहेत. मालवणी जनगणनेत कोंकणीखाली येते, पण लालबाग-परळच्या कित्येक मालवणी घरांत फॉर्मवर 'मराठी' लिहितात. अहिराणी खानदेशीखाली, आणि खानदेशी मराठीहून वेगळी. मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजाची बोली, आगरी, कोळी, वसईची कादोडी यांना बोलणारे स्वतः काय नाव देतात ते लिहून घ्या. कुठल्या छत्राखाली घालायचं ते नंतर ठरवता येईल. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात देशभरात ७८० भाषा नोंदल्या गेल्या, त्या अशा लोकांनी दिलेल्या नावांकडे नीट बघितल्यामुळेच.

अभ्यासाला कोणता भाग घ्यावा?

जिथे तुमची रोज जा-ये आहे तो. माटुंग्याची तमिळ, धारावीतली तमिळ, दोन्ही तमिळच, पण एकीकडे नोकरदार ब्राह्मण घरं आणि दुसरीकडे तिरुनेलवेलीकडून आलेले चामड्याच्या धंद्यातले लोक. तुलना करायला उत्तम. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्यांची गुजराती आहे. वरळीच्या बाजूला गिरणीत कामाला आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू आहे, आणि कामाठीपुऱ्याचं नावच तेलुगूभाषक कामाठ्यांवरून पडलं. पण पत्ता नाही, ओळख नाही आणि दोन दिवसांत धारावी 'कव्हर' करून यायचंय, असं असेल तर नका जाऊ. तुमच्या सोसायटीचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं एवढ्यावरही चांगला लघुप्रबंध होतो.

घरी एक, शेजारी दुसरी, शाळेत तिसरी. मूल गोंधळत नाही का?

पालकांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच अभ्यास म्हणत की दोन भाषांची मुलं मागे पडतात. त्यांत स्थलांतरितांच्या गरीब मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषिक मुलांशी व्हायची, मग दुसरं काय निघणार? १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये आर्थिक पातळी सारखी असलेली दहा वर्षांची मुलं घेतली, तर दुभाषिक मुलं पुढे निघाली. पुढे एलन बियालिस्टॉक यांच्या कामामुळे 'दोन भाषा येणाऱ्याचा मेंदू तल्लख' असा बोलबाला झाला. त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच शंका निघाल्यात, प्रयोग पुन्हा केले तर तोच निकाल दरवेळी येत नाही. तेव्हा जाहिरातीत वाचलेलं प्रकल्पात उतरवू नका. आपल्याकडचा एक अभ्यास मात्र जरूर वाचा: सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही फरक दिसला.

पण पालकांना मी हे काही सांगत नाही. त्यांच्याच पोराचं वाक्य त्यांना परत ऐकवते. परवा एक चार वर्षांचा पोरगा आईला म्हणाला, "मम्मी, बॉल खाली गिरला." आईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, पुन्हा बोलू दे त्याला. दोन मिनिटांनी पाण्याची बाटली कलंडली, तर म्हणाला, "बाटली पण गिरली!" धातू हिंदीतला, प्रत्यय मराठी. बॉल गिरला, बाटली गिरली. मराठीचं लिंग बरोब्बर सांभाळलंय. ज्याला मराठीचं व्याकरण पक्कं ठाऊक आहे त्यालाच ही चूक करता येते. 'पडणे' हा शब्द चार वेळा कानावर पडला की 'गिरला' आपोआप जाईल. नाही गेला तरी बिघडत नाही.

मग बंबइया हिंदी ही बिघडलेलीच हिंदी ना?

'बिघडलेली' हा शब्द अभ्यासाच्या वहीत लिहू नका. एकच उदाहरण देते. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत फरक आहे. पहिल्यात समोरचा धरलेला आहे, दुसऱ्यात वगळलेला. हाच फरक गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. प्रमाण हिंदीत दोन्हींना 'हम'. मुंबईच्या हिंदीत बघा: "अपन लोग चलते हैं" आणि "हम लोग जा रहे हैं". आजूबाजूच्या भाषांना जी गरज होती ती या हिंदीनं भागवून घेतली.

असंच सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये घडलं होतं. गंपर्झ आणि विल्सन या भाषाभ्यासकांनी १९७१ मध्ये तिथल्या मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगूबद्दल लिहिलं. शब्द आपापले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आलेली की एकातला शब्द काढून दुसरीतला ठेवला तरी वाक्य चालावं. तिथल्या मराठीत माणसं सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी होत चाललं होतं, कानडीच्या वळणानं. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत हे गाव शिकवतात. सांगलीच्या किती शिक्षकांना हे माहीत असतं, कोण जाणे.

मातृभाषेतून शिक्षण म्हणता, पण एका वर्गात सहा मातृभाषा असतील तर?

कायदा काय म्हणतो ते आधी. घटनेचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ 'शक्य असेल तिथवर' मातृभाषेचं माध्यम म्हणतो. खासगी शाळांवर माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात दिला. मुंबई महापालिका तर आठ माध्यमांच्या शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. ही लहानसहान गोष्ट नाही.

तरीही वरच्या 'याडी'वाल्या मुलीसाठी या आठांत जागा नाही. तिच्यासारख्यांसाठी जिम कमिन्स या शिक्षणाच्या अभ्यासकाची मांडणी उपयोगी पडते. खेळताना लागणारी भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलतं. पुस्तकातली, 'बाष्पीभवनामुळे पाण्याची पातळी घटते' वाली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून पहिलीत आलेलं अमराठी मूल दिवाळीपर्यंत मैदानावर फाडफाड मराठी बोलतं, बाई खूश होतात, आणि तेच चौथीत परिसर अभ्यासात गप्प बसतं. मग शेरा पडतो, 'लक्ष देत नाही'. अजित मोहंती यांनी ओडिशात कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. कुई ही त्यांची भाषा. कुई आणि उडिया दोन्ही सांभाळलेली मुलं, कुई विसरून फक्त उडिया बोलणाऱ्या मुलांपेक्षा चाचण्यांत सरस ठरली.

वर्गात करण्याजोगं काय? एकाच बोलीची दोन मुलं शेजारी बसवा. गटात चर्चा हव्या त्या भाषेत होऊ द्या, वर्गासमोर सांगणं मराठीत. शब्दांचा फळा करा: पाऊस, भाकरी, आजी, सगळ्यांच्या भाषांत. बाईंना सहा भाषा यायची गरज नाही. "तुमच्यात याला काय म्हणतात?" एवढं विचारता आलं की झालं. गोरमाटीतला शब्द फळ्यावर चढला त्या दिवशी ती मुलगी पहिल्यांदा स्वतःहून उठून बोलली, हे मी पाहिलंय.

गणिताला कुठे भाषा लागते?

सगळ्यात जास्त तिथेच लागते. शिक्षकांसाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी सुचत नाही.

पाटीवर 'पंचेचाळीस' लिहायला सांगा. काही मुलं ५४ लिहितात, कारण कानावर आधी 'पंच' पडतं, मग 'चाळीस'. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती या सगळ्यांत एकक आधी. कन्नडमध्ये उलट, 'नलवत्तैदु', चाळीस आधी, पाच मग. तमिळ, तेलुगूतही तसंच आणि इंग्रजीतही. त्यात आपल्याकडे 'एकोणपन्नास' ही आणखी एक फिरकी: नाव पन्नासाचं आणि लिहायचं चारपासून. जर्मन भाषेतही एकक आधी येतो आणि तिथली मुलंही अशीच उलटापालट करतात, हे तिकडच्या अभ्यासांत नोंदलंय.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली, इथपर्यंत लोक गेले. माझं मत विचाराल तर 'त्रेसष्ट', 'चौऱ्याहत्तर' हे शब्द मला प्रिय आहेत, ते राहावेतच. पण त्या भांडणात एक गोष्ट कुणी बोललंच नाही. मुंबईच्या वर्गात दोन्ही क्रम आधीपासूनच बसलेले आहेत. कानडी घरातलं मूल मनात 'चाळीस पाच' म्हणत असतं आणि मराठी घरातलं 'पाच-चाळीस'.

प्रकल्प सोपा आहे. दुसरी-तिसरीची दहा-बारा मुलं, वीस दोन-अंकी संख्या, शाळेच्या भाषेत एकदा आणि घरच्या भाषेत एकदा श्रुतलेखन. उलटापालट कुठे होते तेवढंच मोजा. जाता जाता प्रत्येकाला विचारा, 'सात आठे?' आणि उत्तर कुठल्या भाषेत पुटपुटतो ते ऐका.

सेमी-इंग्रजीचं काय?

मराठी माध्यम, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, मधलं समजावणं असं: "या ट्रँगलचे दोन अँगल इक्वल आहेत, म्हणून समोरच्या बाजू पण इक्वल." यावर नाक मुरडू नका, लिहून घ्या. हे मूल वहीत कुठल्या भाषेत विचार उतरवतं, हा पाहण्यासारखा भाग आहे.

पहिलीपासून हिंदीच्या वादावर प्रकल्प करू का?

करा, पण तारखा चोख ठेवा. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा झाली, १७ जूनला सुधारित निर्णय आला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं जाहीर झालं. तुमचं मत शेवटच्या प्रकरणात लिहा. मुलाखतीच्या प्रश्नांत नको.

परवानगी आणि संमती कशी घ्यायची?

महापालिकेच्या शाळेत जायचं तर शिक्षण विभागाचं लेखी पत्र, खासगी शाळेत संस्थेचं आणि मुख्याध्यापकांचं. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागतेच.

खरी अडचण कागदाची नसते. वस्तीत कुणी "घरी काय बोलता?" विचारलं की परगावाहून आलेल्या माणसाच्या मनात पहिली पाल चुकचुकते: ही यादी कशाला? मुंबईत ती भीती अनाठायी नाही. म्हणून संमतीचा कागद त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा, नावं बदलणार हे सांगा, आणि चाळीचं किंवा गल्लीचं नाव प्रबंधात घालू नका. अंगठा घेऊन मोकळं होणं ही संमती नव्हे. नको म्हणाले तर चहा पिऊन परत या.

रेकॉर्डिंग कसं करू?

मोबाईल चालतो, डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. पंखा बंद करा. खिडकीखालून लोकल जात असेल तर जागा बदला. आवाजाच्या बारकाव्यांसाठी 'प्राट' आणि बोलणं उतरवून घेण्यासाठी 'इलॅन', दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. दहा मिनिटांच्या गप्पा उतरवायला पहिल्यांदा अख्खा दिवस जातो, हे वेळापत्रकात धरा.

रेकॉर्डर दिसला की माणूस पुस्तकी बोलतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी या पेचाला 'निरीक्षकाचा विरोधाभास' म्हटलंय. त्यावर माझा उपाय: मुलांना डब्बा ऐसपैसचे नियम समजावून सांगायला लावा. दोन मिनिटांत आपसात जुंपते आणि माईक विसरतात. आणि उतरवताना 'पानी', 'डोला' असं ऐकलं तर तसंच लिहा. आगरी मुलाचं 'डोला' तुम्ही 'डोळा' केलंत की तुमची सामग्री तिथेच संपली.

माणसांशी बोलायचा संकोच वाटतो. दुसरं काही?

पाट्या वाचा. एक रस्ता घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं दुकानांवर ठळक मराठी पाटी बंधनकारक झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिने दिले. त्यामुळे वरची पाटी कायद्याची भाषा सांगते. गिऱ्हाइकाची भाषा बघायची तर खाली बघा: काचेवर चिकटवलेला कागद, खडूनं लिहिलेला भाव, 'बैदा रोटी', 'रूम भाड्याने'. शिवडीत एका गेटवर मी वाचलं होतं, "यहाँ गाडी लावू नये". तो फोटो अजून माझ्या व्याख्यानात पहिला असतो.

दोनच महिने आहेत. काय जमेल?

एक मूल आणि एक दिवस. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ते कुणाशी काय बोललं, याची वही त्याच्या आईला किंवा मोठ्या बहिणीला ठेवायला सांगा. एक शाळेचा दिवस, एक रविवार. मग वरची जाळी त्या मुलाकडूनच भरून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. जिथे वही आणि जाळी जुळत नाहीत, तिथे पेन्सिलीनं खूण करा. पुढच्या भेटीत मला फक्त त्या खुणा दाखवा.